बॅरलला मानवणारी पेलेट कशी शोधायची: १० मीटर एअर रायफलचं बॅच टेस्टिंग

२८ जुलै २०२४. पॅरिस ऑलिंपिक, महिलांच्या १० मीटर एअर रायफलची पात्रता फेरी. रमिता जिंदाल ६३१.५ गुणांवर पाचव्या आल्या आणि अंतिम फेरीत गेल्या. इलावेनिल वलारिवन ६३०.७ वर दहाव्या राहिल्या आणि त्यांची संधी हुकली. साठ गोळ्यांत मिळून फरक ०.८ गुणाचा. दशांश गुणांकनात ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. साठही गोळ्यांची केंद्रापासूनची अंतरं जोडली, तर दोघींच्या बेरजेत साधारण २ मिलिमीटरचा फरक निघतो.

इतक्या बारीक हिशेबात पेलेटचा, म्हणजे एअर रायफलमधून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळीचा, वाटा किती, हे आधी आकड्यांत पाहू. म्हणजे आपल्या रायफलच्या बॅरलला (नळीला) कोणती पेलेट मानवते ते तपासायच्या कामाला किती वेळ आणि पैसा द्यायचा ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट ४.५ मिमीची. पेलेटची कड ठिपक्याला नुसती शिवली की १०.०, म्हणजे तिचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीवर. तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढत १०.९ पर्यंत. आता समजा रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरली आणि चांगल्या पेलेटच्या १० गोळ्यांचं भोक बाहेरून बाहेर ५.५ मिमी भरलं, तर न मानवणाऱ्या पेलेटचं ६.८ मिमी. डोळ्यांना हा फरक नगण्य वाटतो. पण ६२६च्या आसपास मारणाऱ्या नेमबाजाच्या स्वतःच्या हलण्यात तो मिसळला, की साठ गोळ्यांत सुमारे ४ गुण जातात. ५८० मारणाऱ्याचे त्याच पेलेटमुळे दोनाहूनही कमी जातात, कारण त्याचं स्वतःचं हलणं एवढं मोठं असतं की पेलेटची चूक त्यात बुडून जाते.

म्हणून स्पष्ट सांगायचं तर, ५९०च्या खाली असलेल्या मुलाच्या पालकांनी पाच प्रकारच्या डब्या विकत आणू नयेत. एक चांगली मॅच पेलेट घ्यावी, तीच वर्षभर वापरावी आणि पैसे प्रशिक्षणावर खर्च करावेत. ६१० ओलांडल्यावर टेस्टिंगचा उपयोग दिसू लागतो. ६२०च्या पुढे ते टाळणं परवडत नाही.

पिस्तूलवाल्यांसाठी गणित वेगळं आहे. एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि पात्रता फेरीत पूर्णांकच मोजतात. तिथे पेलेट न चेपता लोड होते का आणि डबीत वाकलेल्या किती निघतात, एवढं पाहिलं तरी पुरतं.

एकाच कंपनीच्या दोन डब्या वेगळ्या का

मॅच पेलेट म्हणजे सपाट तोंडाची, मधे कंबर असलेली शिशाची गोळी. पुढचं डोकं बॅरलच्या आट्यांवरून, म्हणजे आतल्या पिळदार खोबणींवरून, सरकतं. मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने थोडा फुलतो आणि हवा अडवून धरतो. डोक्याचा व्यास डबीवर छापलेला असतो. तो साधारण ४.४८ ते ४.५२ मिमीच्या दरम्यान असतो, रायफलसाठी ४.४९ आणि ४.५० हे आकडे सर्वांत जास्त दिसतात. रायफलच्या मॅच पेलेटचं वजन बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपास. पिस्तूलसाठीच्या त्याहून हलक्या, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम.

पेलेट ज्या साच्यात बनते तो साचा झिजतो, बदलला जातो. शिशाच्या तारेचा लॉट बदलतो. त्यामुळे तीच कंपनी, तोच प्रकार, तोच ४.५० चा आकडा असूनही दोन बॅच, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेल्या पेलेट, वेगळ्या वागतात. दुसऱ्या बाजूला, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींच्या बॅरलही अगदी सारख्या नसतात. मैत्रिणीच्या रायफलला जी पेलेट अप्रतिम जाते ती तुमच्या रायफलला जाईलच, असं म्हणायला काही आधार नाही. निकाल जोडीचा असतो: ही बॅरल आणि ही बॅच. वहीत तो तसाच लिहायचा.

आधी रायफल निरोगी करा

रायफलमध्ये दोष असताना पेलेट तपासली तर सकाळ वाया जाते आणि वर चुकीची डबी निवडली जाते. म्हणून टेस्टिंगच्या आदल्या दिवशी पुढची कामं उरका.

बॅरल स्वच्छ करा. फेल्टच्या क्लीनिंग पेलेट कंपनीच्या सूचनेप्रमाणे मारा, किंवा दोरीचा पुल-थ्रू ब्रीचकडून (पेलेट भरतात त्या मागच्या टोकाकडून) तोंडाकडे ओढा. उलट दिशेने कधीच ओढू नका. बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, हीच पेलेटला शेवटची दिशा देते. तिथे ओरखडा गेला तर सगळे ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या गोळ्यांचे पुंजके, मोठे होतात आणि दोष पेलेटवर येतो. फेल्ट पांढरी येईपर्यंत घासत बसायची गरज नाही. स्वच्छ केलेल्या बॅरलमधून त्यानंतर २० ते ३० गोळ्या मारून घ्या. आतला शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत ग्रुप स्थिर होत नाही.

दस्त्याचे, बॅरलवरच्या वजनांचे आणि साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रू तपासा. मॅन्युअलमध्ये टॉर्क (आवळायचा जोर) दिला असेल तर तेवढाच द्या. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, मार्चपासून तो आकसतो. वर्षातून दोनदा तरी हे स्क्रू पाहायला हवेत. ॲल्युमिनियमच्या दस्त्याला ही अडचण नाही, पण वजनाचा स्क्रू सैल होणं त्यालाही चुकत नाही.

हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा. स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूवर असते आणि उपकरण तपासणीत ती पाहिली जाऊ शकते. टेस्टिंगला सिलिंडर भरलेला हवा. दाब खाली येऊ लागला की दोन फेऱ्यांच्या मधे भरून घ्या, ग्रुपच्या अधेमधे नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं, वेग. मॅच रायफलमधून पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने निघते आणि १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे १८ मिमी खाली येते. वेगात १ मी./से. फरक पडला की टार्गेटवर उभ्या रेषेत सुमारे ०.२ मिमी फरक पडतो. तेव्हा क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर २० गोळ्यांचे वेग नोंदवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतलं अंतर ३ मी./से.च्या आत असेल तर पुढे जा. ६-७ आलं तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह दाखवायला हवा. कुठलीही पेलेट ते झाकू शकणार नाही.

डब्या जमवणं

एका माणसाने पाच डब्या विकत घेणं महाग पडतं. ५०० पेलेटच्या आयात केलेल्या मॅच डबीची किंमत सरावाच्या पेलेटपेक्षा बरीच जास्त असते. सोपा मार्ग म्हणजे रेंजवरच्या चार-पाच जणांनी एकत्र येणं. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात किंवा तुमच्या क्लबच्या हॉलमध्ये एकाच वेळेला सराव करणारे नेमबाज असतातच. प्रत्येकाने वेगळी डबी घ्यायची आणि ५०-५० पेलेट वाटून घ्यायच्या. पाच जणांना पाच प्रकार, प्रत्येकाच्या खिशातून एक डबी.

वाटताना पेलेट ओतू नका. मऊ शिसं आहे, एकमेकींवर आपटून स्कर्ट वाकतात. खाचे असलेल्या पेलेट-बॉक्समध्ये एकेक उभी ठेवा. बॉक्सवर चिकटपट्टी लावून त्यावर चार गोष्टी लिहा: प्रकार, डोक्याचा व्यास, वजन आणि बॅच क्रमांक. बॅच क्रमांक डबीच्या तळाशी किंवा बाजूच्या स्टिकरवर असतो. तो न लिहिता केलेली टेस्ट निरुपयोगी आहे, कारण पुन्हा नेमकं काय मागवायचं तेच कळणार नाही.

कोणते प्रकार घ्यावेत? आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबीची मॅच पेलेट आणि चिनी क्यूवायएस ही रेंजवर नेहमी दिसणारी नावं. सुरुवात करताना प्रकार कमी आणि व्यास दोन ठेवा: दोन कंपन्या, प्रत्येकीच्या ४.४९ आणि ४.५० अशा चार, आणि पाचवी आत्ता वापरात आहे ती. जुनी पेलेट टेस्टमध्ये असलीच पाहिजे. नवी चांगली की वाईट हे कशाच्या तुलनेत, याचं उत्तर तीच देते.

मारण्याआधी १ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक प्रकारच्या २० पेलेट तोला. वजनात एक टक्का, म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम फरक असेल तर टार्गेटवर उंचीत ०.१५ ते ०.२ मिमी फरक पडतो. विसांतल्या बहुतेक ३-४ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात बसल्या तर वजनाची चिंता सोडा. प्रत्येक पेलेट तोलून गट पाडणारे लोक असतात. चांगल्या बॅचमध्ये त्या कष्टाचं फळ टार्गेटवर दिसत नाही. भिंगाखाली स्कर्टची कड पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

मांडणी: व्हाइस, आणि व्हाइस नसेल तर

टेस्टिंग म्हणजे माणसाला हिशेबातून बाहेर काढणं. त्यासाठी रायफल यंत्रात धरायला हवी. दस्ता उतरवून रिसीव्हरचा (बॅरल ज्यात बसते त्या मधल्या धातूच्या भागाचा) ठोकळा ज्यात बसेल असा फिक्श्चर भोसरी-चिंचवडच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये बनवून घेता येतो. दस्त्याचे स्क्रू जिथे बसतात तीच भोकं वापरून रिसीव्हर जाड पट्टीवर आवळायचा आणि पट्टी जड टेबलाला क्लॅम्प करायची. क्लबने असा एक फिक्श्चर करून ठेवला तर सगळ्यांचं काम होतं. सुताराच्या व्हाइसच्या जबड्यात सिलिंडर किंवा बॅरलवरची बाहेरची नळी कधीही आवळू नका. सिलिंडरमध्ये मॉडेलप्रमाणे २०० किंवा ३०० बारचा दाब असतो; त्यावर ओरखडा किंवा चेपा म्हणजे तो सिलिंडर बाद.

टेबल हलत नाही ना, हे तपासायची रीत: माहितीतल्या पेलेटच्या १० गोळ्या सुरुवातीला मारा आणि त्याच प्रकारच्या १० सगळ्यात शेवटी. दोन ग्रुपची मध्यं एकमेकांपासून मिलिमीटरभराहून जास्त सरकली असतील तर फिक्श्चर सैल आहे आणि मधले सगळे आकडे संशयास्पद आहेत. व्हाइसमध्ये नेम धरायचा नसतो, ग्रुप कागदावर कुठेही पडो. कागद सरकवा, रायफल नाही.

व्हाइस मिळत नसेल तर टेबलावर पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या ठेवून, बसून मारता येतं. पण मर्यादा समजून घ्या. टेकवून मारतानाही नेमाची चूक राहते, आणि दोन चुका सरळ बेरजेने मिसळत नाहीत. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. नेमाचं विखुरणं ०.६ मिमी आणि पेलेटचं ०.३ असेल तर एकूण ०.६७ दिसतं. वाईट पेलेटचं ०.५ असेल तर ०.७८. म्हणजे प्रत्यक्षात दीडपटीहून जास्त असलेला फरक कागदावर १५-१६ टक्क्यांचा दिसतो. पिशव्यांवरच्या टेस्टमध्ये वाईट पेलेट बाद करता येते. दोन चांगल्यांतली जास्त चांगली ओळखता येत नाही. तसा निष्कर्ष काढूच नका.

रेंजवर हे काम रेंज ऑफिसरला सांगून, कडेची लेन घेऊन करा. घरच्या लांब गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये सराव करणाऱ्यांनी पेलेट ट्रॅपच्या (गोळ्या अडवणाऱ्या पेटीच्या) मागे पक्की भिंत आहे आणि मधे कुठलंही दार उघडत नाही याची खात्री आधी करावी. साडेसात ज्यूलची पेलेट डोळा कायमचा घालवू शकते. समोर कोणी जाणार असेल तर बोल्ट (पेलेट आत ढकलून ब्रीच बंद करणारा दांडा) उघडा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घाला, आणि मगच जाऊ द्या.

गोळ्या कोणत्या क्रमाने मारायच्या

इथेच बहुतेक टेस्ट बिघडतात. नेहमीची पद्धत अशी असते: प्रत्येक प्रकारच्या पाच गोळ्या मारायच्या, सर्वांत लहान भोक दिसलं ती डबी घ्यायची. पाच गोळ्यांचा ग्रुप फार लहरी असतो. तीच पेलेट, तीच रायफल, आणि लागोपाठचे दोन ग्रुप एकमेकांच्या दीडपट येऊ शकतात, त्यात नवल काही नाही. पाच प्रकारांचा प्रत्येकी एकच ग्रुप मारला तर कोणीतरी नशिबाने पहिला येणारच.

म्हणून असं करा. पाच प्रकारांना अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं द्या. शक्य असेल तर अक्षरं दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा, म्हणजे मोजताना महागड्या डबीकडे मन झुकणार नाही.

पहिली फेरी अ ते इ. प्रत्येक प्रकाराच्या आधी १० गोळ्या वेगळ्या कागदावर मारून सोडून द्या. आधीच्या पेलेटचं शिसं आणि तिच्यावरचा थर बॅरलमध्ये असतो; त्या दहा गोळ्यांत तो बदलतो. मग १० गोळ्या मोजायच्या कागदावर. दुसरी फेरी उलट, इ ते अ, तशीच. उलट क्रमाचं कारण असं की सकाळभरात हॉल तापतो, सिलिंडरचा दाब उतरतो, बॅरल मळते. हे सगळे बदल हळूहळू होतात. क्रम उलटला की त्यांचा परिणाम पाचही प्रकारांवर साधारण सारखा वाटला जातो.

प्रत्येक प्रकाराच्या ४० गोळ्या, एकूण २००. दोन-अडीच तास धरा.

पेलेट लोड करताना प्रत्येक वेळी अंगठ्याचा जोर सारखा असू द्या. तिरकी बसलेली पेलेट बोल्टने ढकलली की डोकं चेपतं. बोल्ट बंद करताना हाताला काय जाणवलं तेही वहीत लिहा. ४.५० ची पेलेट प्रत्येक वेळी अडखळत असेल आणि ४.४९ ची सहज जात असेल, तर ती माहितीच आहे. पण सहज जाते म्हणून चांगली, असं गृहीत धरू नका. घट्ट जाणाऱ्या पेलेटने उत्तम ग्रुप देणाऱ्या बॅरल असतात. निकाल कागद देईल.

दोन गोळ्यांच्या मधे साधारण सारखा वेळ ठेवा, ३० ते ४० सेकंद. रायफल दहा मिनिटं तशीच राहिली असेल तर पहिल्या दोन गोळ्या मोजू नका. काही रेग्युलेटर विश्रांतीनंतर पहिली गोळी वेगळ्या वेगाने सोडतात. तुमचा तसा असेल तर स्पर्धेतही लांब थांबल्यावर काय होतं ते कळून येईल.

मोजमाप

खरं टार्गेट कार्ड वापरा, वहीचा कागद नको. सपाट तोंडाची पेलेट कार्डात स्वच्छ गोल भोक पाडते. साधा कागद फाटतो. मागे जाड पुठ्ठा घट्ट लावा.

दहा गोळ्यांचं एकत्र झालेलं भोक व्हर्निअरने बाहेरच्या कडांपासून मोजा. व्हर्निअरचे जबडे भोकात घालू नका, कड ताणली जाते. कार्ड उजेडाच्या काचेवर किंवा मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून भिंगातून पाहिलं की शिशाची काळी कड नीट दिसते. याच पद्धतीने एका गोळीचं भोक मोजून ठेवा. कार्डाचे तंतू परत मिटतात, त्यामुळे ते ४.५ मिमीपेक्षा किंचित कमी भरतं. मोठ्या भोकातून हा आकडा वजा केला की केंद्रापासून केंद्रापर्यंतचा ग्रुप मिळतो. सरसकट ४.५ वजा करणाऱ्यांचे ग्रुप खऱ्यापेक्षा लहान दिसतात.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळालं तर फारच उत्तम. ते प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे देतं. ते स्प्रेडशीटमध्ये घाला, दहा गोळ्यांचं मध्य काढा आणि प्रत्येक गोळीचं त्या मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्या. ही सरासरी त्रिज्या ग्रुपच्या आकारापेक्षा जास्त विश्वासाची, कारण तिच्यात दहाही गोळ्या बोलतात. भोकाच्या मापात फक्त टोकाच्या दोन. गुणांची बेरीज मात्र वापरू नका. व्हाइसमधला ग्रुप केंद्रावर असेलच असं नाही.

वेगवेगळ्या लोकांचे आकडे शेजारी ठेवताना एक लक्षात घ्या. दहा गोळ्यांचा ग्रुप त्याच पेलेटच्या पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा असतो. कोणी पाच गोळ्यांचा आकडा सांगितला आणि तुमचा दहाचा असेल, तर तुलना होत नाही.

कागदावरचे आकार काय सांगतात

ग्रुप उभा लांबट आला, रुंदी मात्र कमी, तर वेग हलतोय. एकाच प्रकारात असं दिसलं तर त्या पेलेटचं वजन किंवा स्कर्ट एकसारखे नाहीत. सगळ्या प्रकारांत दिसलं तर रेग्युलेटर, व्हॉल्व्ह किंवा संपत आलेला सिलिंडर. आडवा लांबट ग्रुप व्हाइसमध्ये आला तर फिक्श्चर तपासा. पिशव्यांवर आला तर ट्रिगरवरचा हात किंवा खिडकीतून बदलणारा उजेड.

दोन स्वतंत्र पुंजके पडणं हे सर्वांत बोलकं चिन्ह. बहुधा काहीतरी सैल आहे आणि दोन जागांपैकी एकीवर बसतंय: बॅरलचं वजन, रिसीव्हरचा स्क्रू, नाहीतर साइट. सगळं घट्ट असूनही एकाच प्रकारात दोन पुंजके आले तर त्या डबीत दोन साच्यांतल्या पेलेट मिसळल्याची शंका घ्या आणि डबी सोडा.

नऊ गोळ्या एका भोकात आणि एक दूर, असं झालं तर ती दूरची गोळी कागदावरून खोडू नका. “ती चुकून गेली” हे वाक्य व्हाइसमध्ये चालत नाही. स्कर्ट वाकलेली पेलेट असू शकते. तसं असेल तर त्या डबीत आणखी किती आहेत हे पाहणं गरजेचं, कारण स्पर्धेतली ५३वी गोळी तीच असू शकते. एखाद्या प्रकारात दोन्ही फेऱ्यांत अशी एकेक सुटी गोळी आली तर बाकीचा ग्रुप कितीही सुंदर असो, तो प्रकार बाद.

निवड

दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढा. वर दिलेल्या मापाने, दहा गोळ्यांचं भोक बाहेरून ५.५ मिमीच्या आसपास असेल तर पेलेट उत्कृष्ट, ६ पर्यंत स्पर्धेला चांगली, ६.८च्या पुढे सरावालाच ठेवा. ५.४ आणि ५.५ यांत फरक नाही. दहा गोळ्यांचा ग्रुपही सहज पाच-दहा शतांश मिलिमीटर इकडेतिकडे होतो.

पहिल्या दोघी जवळजवळ असतील तर दुसऱ्या दिवशी त्यांचीच टेस्ट घ्या. प्रत्येकीचे दहा गोळ्यांचे पाच ग्रुप, अ-ब-ब-अ या क्रमाने आलटून पालटून. पन्नास गोळ्यांनंतरही फरक दिसला नाही तर तो नाहीच असं समजून जी सहज आणि स्वस्त मिळते ती घ्या.

व्हाइसमध्ये जिंकलेली पेलेट खांद्यावरही पाहायची असते. उभ्याने ६० गोळ्यांचे तीन-चार पूर्ण सामने तिच्यावर खेळा. इथे ग्रुप मोजायचा नाही. मन सांगतं नऊ आणि पडद्यावर दिसतं नऊ, मन सांगतं दहा आणि दिसतं दहा, असं होतंय का ते पाहायचं. चांगल्या पेलेटचं खरं सुख हेच. वाईट गोळी गेली तर ती आपली होती हे नेमबाजाला ठाऊक असतं, आणि तो साइट फिरवत बसत नाही.

खरेदी, साठवण, हात धुणं

बॅच ठरली की त्याच क्रमांकाच्या डब्या लगेच मागवा. महिन्याभरात ती बॅच दुकानातून संपलेली असू शकते. रोज ८० गोळ्या, आठवड्याला पाच दिवस म्हटलं तर ५०० ची डबी सव्वा आठवड्यात संपते. एवढी महाग पेलेट रोजच्या सरावाला लागत नाही. स्पर्धा आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे यांसाठी वर्षाला आठ-दहा डब्या बाजूला ठेवा. सरावाची पेलेट त्याच वजनाची आणि व्यासाची घ्या, म्हणजे अदलाबदल करताना साइटच्या क्लिक फारशा बदलाव्या लागत नाहीत. अदलाबदलीनंतरच्या १०-१५ गोळ्या मोजायच्या नाहीत, तो नियम इथेही आहेच.

पुण्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते. उघड्या डबीतल्या पेलेटवर पांढरट भुकटी धरते; ते शिशाचं गंजणं आहे, आणि तशा पेलेट स्पर्धेत वापरू नयेत. डब्या सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवा. मॅच पेलेट धुऊ नका, तेल लावू नका. आणि डबी दुचाकीच्या डिकीत टाकून बालेवाडीला नेऊ नका. रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला पाचशे गोळ्या एकमेकींवर आपटतात. सामन्यापुरत्या ८०-९० पेलेट खाचांच्या बॉक्समध्ये भरून, पाठीवरच्या सॅकमध्ये न्या. खाली पडलेली पेलेट पुसून परत वापरायची नाही, ती सरळ भंगाराच्या डब्यात.

शिसं विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. पेलेट दातात धरायची नाही. रेंजवर खायचं नाही. बाहेर टपरीवर वडापाव हातात घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. ट्रॅप कोरड्या झाडूने झाडला की भुकटी उडते, तेव्हा ओल्या फडक्याने पुसा आणि जमलेलं शिसं वेगळ्या बंद डब्यात ठेवा.

ओपन साइटची स्प्रिंग रायफल असेल तर

शाळेच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत बरीच मुलं स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलने सुरुवात करतात. तिला वरची व्हाइसची पद्धत लावू नका. ट्रिगर सुटल्यावर पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, आणि पेलेट बॅरलमध्ये असतानाच हे घडतं. घट्ट आवळलेली स्प्रिंग रायफल वेगळीकडे मारते, ग्रुप बिघडतो, वर दस्त्याला तडा जाऊ शकतो. ती मऊ पिशवीवर, तळहातावर सैल ठेवून, दर वेळी अगदी त्याच जागी टेकवून मारायची. पुढे ढकलायची नाही, मागे ओढायची नाही.

तिच्यातून नुसती फेल्ट पेलेट मारू नका. फेल्टला वजन नसल्यामुळे पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर आदळतो. बॅरल पुल-थ्रूने साफ करा. दस्त्याचे स्क्रू प्रत्येक २०० गोळ्यांनी पाहा, झटक्यांनी ते सैल होतातच.

इथे पेलेटची निवड ढोबळ ठेवली तरी चालते: तीन प्रकार, प्रत्येकी दहा गोळ्यांचे तीन ग्रुप. स्कर्ट सैल असलेली पेलेट ब्रीचमध्ये ठेवल्यावर स्वतःच्या वजनाने आत घसरत असेल तर ती आधीच बाजूला काढा. तिथून हवा निसटते आणि वेग दर गोळीला बदलतो.

पुन्हा कधी तपासायचं

त्याच बॅचची नवी डबी उघडली की सामन्याआधी दहा गोळ्यांचे दोन ग्रुप, एवढंच. बॅच बदलली तर पूर्ण टेस्ट, नाव तेच असलं तरी. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्हची दुरुस्ती झाली, वेग बदलला, बॅरलवरचं वजन वाढवलं किंवा काढलं, तर जुना निकाल धरू नका. वहीतल्या प्रत्येक पानावर तारीख, तापमान, सिलिंडरचा दाब, बॅच क्रमांक आणि कार्ड चिकटवलेलं असू द्या. कार्डं फेकू नका. पुढच्या वर्षी ग्रुप मोठे येऊ लागले तर बिघाड पेलेटमध्ये आहे की बॅरलमध्ये, हे या जुन्या कार्डांशेजारी नवं कार्ड ठेवूनच कळेल.